निजलेला पांगारा

१

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सकाळचा चहा कधी टेबलावर झाला नाही. तो मागच्या व्हरांड्यात व्हायचा, पांगाऱ्यासमोर. झाड कोणी लावलं होतं कोण जाणे. आम्ही राहायला गेलो तेव्हाच ते दुसऱ्या मजल्याच्या वर गेलेलं होतं. थंडी सरता सरता त्याची पानं गळायची आणि उघड्या फांद्यांवर लालभडक फुलं यायची. मग साळुंक्या, पोपट, बुलबुल, कोतवाल, इवलेसे शिंजीर, सगळ्यांची तिथे खानावळ उघडायची. उन्हाळ्यात पुन्हा पानं येऊन अशी गार सावली पडायची की वीणा, माझी बायको, भाजी निवडण्यापासून मुलीचा अभ्यास घेण्यापर्यंत सगळं तिथेच करायची. संध्याकाळी पाखरं झोपायला आली की इतका कल्ला व्हायचा की टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नसत. मी वैतागायचो. वीणा म्हणायची, जागेवरून भांडतात बिचारी, एकदा बसली की गप्प होतील. आणि अंधार पडला की खरोखरच ती एकदम गप्प होत.

त्या काळात आमच्या मंत्रालयात जो तो ‘प्रायव्हेट’च्या गोष्टी करत होता. देशाची दारं उघडली होती म्हणे. मीही नोकरी सोडली आणि नेहरू प्लेसमधल्या एका पेजर कंपनीत लागलो. पगार दुप्पट झाला आणि क्वार्टर गेलं. गाझियाबादच्या एका नव्या सेक्टरमध्ये सोसायटीचा तळमजल्याचा फ्लॅट तयार होता. मुलगी, रसिका, पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेली, त्यामुळे जायचं होतं ते आम्हा दोघांनाच. वीणा भांडली असती तर बरं झालं असतं. ती जवळच्या बालवाडीत शिकवायची, तिच्या मैत्रिणी तिथे, तिचा सगळा दिवस तिथे. पण तिने सामान बांधायला घेतलं. एकदाच तिने विचारलं, तिकडे एखादं झाड आहे का.

मी म्हटलं, लावू की. मी मूळचा चिपळूणकडचा. आमच्याकडे पांगारा रोपाने कोण लावत बसतो? मनगटाएवढी फांदी तोडायची, जमिनीत खुंट पुरायचा, तो आपोआप धरतो. कुंपणंच्या कुंपणं अशी उभी राहतात. म्हटलं, याच झाडाची फांदी नेऊ. तिचंच झाड तिच्या दारात.

शेवटच्या दिवशी क्वार्टर सोडल्याचे कागद मिळवताना मला या खिडकीतून त्या खिडकीत असं नाचवलं की घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. टेम्पो पहाटे येणार होता. मी गावाहून आणलेला कोयता शोधून काढला आणि स्टुलावर चढलो. पाखरांचा कल्ला नुकताच थांबला होता. वीणा व्हरांड्याच्या दारात आली.

“अहो, आता नको. निजलंय ते. सकाळी तोडा.”

तिन्हीसांजेला झाडाला हात लावायचा नाही, तुळशीचं पानसुद्धा खुडायचं नाही, हे तिच्या आईने तिला लहानपणापासून शिकवलेलं. मलाही कोणी तरी शिकवलं असेलच. पण सकाळी टेम्पोवाला थांबणार होता का? मी दिवसभराचा चिडलेला होतो. पहिला घाव घातला तसं अख्खं झाड किंचाळून उठलं आणि पाखरं चहूकडे उधळली.

मी तोडत होतो त्या फांदीवरची तेवढी उडाली नाहीत. एका ओळीत, मान पिसांत खुपसून, ती साळुंक्यांची रांग तशीच बसून राहिली. मला त्यांच्या निर्ढावलेपणाचं कौतुकच वाटलं. फांदी कडकडून खाली आली. मी उतरून बघितलं तर तिच्यावर काही नव्हतं. उडतानाही काही दिसलं नव्हतं. अंधारात दिसलं नसेल, म्हणून मी पानं छाटायला घेतली.

२

गाझियाबादचा तो सेक्टर म्हणजे मोहरीच्या शेतांत उभ्या केलेल्या जाहिरातींच्या पाट्या आणि अर्धवट इमारतींचे सांगाडे. आमच्या सोसायटीच्या गेटवर कारंजं होतं, त्यात पाणी नव्हतं. लाइट जायची तेव्हा जनरेटर लागायचा, आणि जनरेटर लागला की बोलणं बंद व्हायचं. मी लोकांना पेजर विकणाऱ्या कंपनीत आणि माझ्या स्वतःच्या घरात फोन नव्हता. रसिकाशी बोलायला मेन रोडवरच्या एसटीडी बूथवर रांग लावावी लागे. धूळ मात्र भरपूर होती. सावली कुठेही नव्हती.

बेडरूमच्या खिडकीसमोर, पार्किंगच्या कडेला, मातीचा एक तुकडा होता. तिथे मी खड्डा खणला, खुंट उभा केला, वरच्या कापलेल्या टोकाला शेण लिंपलं. खुंट माझ्या खांद्याइतका होता. सोसायटीचे सेक्रेटरी गुलाबराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीचे, हात पाठीमागे बांधून बघत होते. मराठी माणूस शेजारी मिळाला म्हणून मला आनंद झाला होता. तो फार टिकला नाही. सोसायटीच्या आराखड्यात तिथे पाम आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

“आणि सुधाकरराव, हे झाड थोडंच आहे? हे तर लाकूड आहे यार.”

मी त्यांना चिपळूणचं शास्त्र समजावून सांगितलं. शेवटी ‘वाळलं तर काढीन’ असं मी लिहून दिलं तेव्हा ते हलले.

वीणा खिडकीतून बघत होती, बाहेर आली नाही. त्या घरात ती पाहुणीसारखी वागायची. विचारलं तेवढं उत्तर, वाढलं तेवढं जेवण. संध्याकाळी मी ऑफिसातून दोन बस बदलून, घामाने चिंब होऊन यायचो आणि ती म्हणायची, “आलात?” पुढे काही नाही. माझ्या मनात यायचं, हिने एक दिवस सरळ बॅग भरून पुण्याला बहिणीकडे निघून जावं, म्हणजे निदान भांडण तरी झालं असं होईल. आणि त्याच विचाराने बसमधून उतरल्यावर मी भरभर घराकडे चालायला लागायचो. माझी सगळी आशा त्या खुंटावर होती.

त्याला बारीक फुटवे आले. तीन-तीन पानांची दोन-चार डहाळकी. आणि तो तिथेच थांबला. मी रोज पाणी घालायचो, खत घातलं, नर्सरीवाल्याला दाखवलं. मेला नाही आणि वाढलाही नाही. बघावं तेव्हा खांद्याइतकाच.

३

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी लाइट गेली, आणि थोड्या वेळाने जनरेटरही खोकून बंद पडला. त्या शांततेत पाखरांचा कल्ला ऐकू आला.

वीणा कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“आली,” ती म्हणाली, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मी खिडकीशी गेलो. खुंट उभा होता. त्यावर चिमणीसुद्धा नव्हती. आवाज मात्र अगदी तोच होता, साळुंक्यांचं ते घोगरं भांडण, मध्येच पोपटांची किरकिर. येत होता तो वरून. मी जिना चढून गच्चीवर जायला निघालो. दुसऱ्या मजल्याच्या जिन्याला एक उघडी खिडकी आहे. तिथे मी थांबलो, कारण आवाज आता समोरून येत होता, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावरून. समोर मोकळी हवा होती. खाली पार्किंग दिसत होतं. मग अंधार पडला आणि सगळं एकदम गप्प झालं.

मी विचार करणारा माणूस आहे. नव्या इमारतींच्या कोऱ्या भिंती आवाज कुठून कुठे फेकतात याचा काही नेम नसतो. शेतापलीकडे, रेल्वे लाइनजवळ झाडं होती, तिथला कल्ला इथे आदळत असणार. हे मी वीणालाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याआधी खिडकीत जाऊन बसली.

मला एकच गोष्ट खुपत होती. मी मुद्दाम पहाटे उठून बसू लागलो. जी पाखरं रात्री कुठे तरी झोपतात ती सकाळी उठतात, ओरडतात, उडून जातात. आर. के. पुरमला तर त्यांनी आम्हाला कधी उशिरा उठू दिलं नव्हतं. इथे फटफटायचं, उजाडायचं, ऊन तापायचं, आणि खिडकीबाहेर चिटपाखरू नसायचं. रोज संध्याकाळी ती येत होती. उठून जाताना एकदाही ऐकू आली नाहीत.

४

जूनमध्ये सावली आली. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू?

रविवारची दुपार होती, कूलर बंद, आणि तरीही खोली गार झालेली. मी पडदा सरकवला. खुंटाभोवती गोल, ऐसपैस सावली पडली होती, पार्किंगच्या निम्म्या भागावर. गुलाबरावांनी त्यांची नवी कोरी मारुती नेमकी तिच्यात लावली होती आणि ते बॉनेटवर हात फिरवत होते.

“सुधाकरराव, मानलं तुम्हाला. झाडाने कमाल केली.”

मी म्हटलं, गुलाबराव, झाड माझ्या खांद्याएवढं आहे. ही सावली कशाची? त्यांनी मान वर केली, क्षणभर बघितलं, आणि पटकन खाली घातली. गच्चीवरच्या टाकीची असेल, म्हणाले, आणि कपडा घेऊन पुसलेलीच काच पुन्हा पुसायला लागले. पुढे माझ्या लक्षात आलं की त्या सावलीत येणारा कोणीच वर बघत नाही. लोक गाड्या लावतात, पोरं विटा मांडून क्रिकेट खेळतात, बायका भाजी निवडतात, पण मान वर कोणी करत नाही. रोज एवढा कल्ला होतो आणि मारुतीच्या टपावर एक शीट पडत नाही, याचंही कोणाला काही वाटत नव्हतं. मी बोलून दाखवलं तर गुलाबराव म्हणाले, चांगलंच आहे की.

मी स्वतः एकदा सावलीत जाऊन उभा राहिलो. बाहेर रणरणतं ऊन होतं. आत दिवेलागणीचा उजेड होता, मातकट, मंद, ज्यात वाचता येत नाही पण दिवाही लावावासा वाटत नाही. जबडा आपोआप उघडला आणि मोठी जांभई आली. डोळे मिटायला लागले तसा मी घाबरून बाहेर पडलो आणि उन्हात येऊन उभा राहिलो.

सोसायटीत शेरू नावाचा एक भटका कुत्रा होता. तो खुंटाशी अंगाचं वेटोळं करून झोपला. दुसऱ्या दिवशीही झोपलेलाच होता. चौकीदाराने काठीने ढोसलं, पाणी मारलं. बरगड्या संथपणे हलत होत्या, उठायचं मात्र नाव नाही. त्या संध्याकाळी कल्ला सुरू झाला तेव्हा मी खिडकीत उभा होतो. साळुंक्यांच्या मधून, खूप उंचावरून, एक आवाज आला. कुत्रा आडवा होण्याआधी बारीक, लांबट कण्हतो ना, तसा. खाली शेरू हललाही नव्हता.

पुढे केव्हा तरी त्याचा श्वास थांबला आणि सफाईवाल्याने त्याला उचलून नेलं. वरचा आवाज रोज येत राहिला.

५

या सगळ्यात वीणा सुखात होती, हे मी कोणाला सांगू? तिने माझ्याशी बोलायला सुरुवात केली. पोह्यांवर खोबरं पडायला लागलं. रसिकाला फोन करायला माझ्याबरोबर बूथवर यायला लागली आणि फोनवर म्हणाली, घर छान आहे गं, अगदी तिकडच्यासारखं. जे मला हवं होतं ते सगळं मिळत होतं, आणि मला ते नको होतं.

ती वेताचा मोढा, म्हणजे बुटकं स्टूल, घेऊन संध्याकाळी खुंटापाशी बसायची. बसल्या बसल्या डोळा लागायचा. मी हाक मारून उठवायचो. सुरुवातीला एका हाकेत उठायची. मग खांदा हलवावा लागायला लागला.

“किती वर्षांनी अशी झोप लागतेय हो,” ती म्हणायची. “कोणी तरी पांघरूण घातल्यासारखी.”

मी शेरूची आठवण करून दिली. म्हातारा झाला होता तो, म्हणाली. शेवटी मी सांगून टाकलं की मी हा खुंट उपटून टाकणार आहे. त्यावर ती इतकी चिडली की मी बघतच राहिलो. घर सोडताना जे भांडण झालं नव्हतं ते आता झालं. मला तुम्ही कुठेही नेलंत, मी आले, ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात, “एवढं एकच मागितलं होतं मी.”

तरी मी गुलाबरावांकडे गेलो. वाळलं तर काढीन असं लिहून देणारा मी, आता हिरवं असताना काढतो म्हणून अर्ज करत होतो. कमिटीने नकार दिला. जमीन सोसायटीची, सावली सगळ्यांची, गाड्या कुठे लावायच्या? माझं झाड, मी तोडलेली फांदी, मी खणलेला खड्डा, आणि मला त्याला हात लावायची परवानगी नाही. मी घरी येऊन दार आपटलं. त्याने वीणाची झोप मोडली नाही. ती सोफ्यावर निजली होती आणि बाहेर अजून ऊन होतं.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी मी ऑफिसातून परस्पर आर. के. पुरमला गेलो. आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये अलकनंदाबाई राहायच्या, वीणाची जुनी मैत्रीण. त्यांच्या गॅलरीतून पांगारा समोर दिसतो. पानांनी गच्च भरलेला, मी तोडलेल्या जागी साल वळून आलेली. अलकनंदाबाईंनी चहा दिला आणि आपणहूनच म्हणाल्या की हल्ली संध्याकाळी फार शांत वाटतं.

“पाखरं येतात हो. घिरट्या घालतात. पण बसत नाही एकही. तिथे आधीच कोणी बसलेलं असावं, तशी बिचकून जातात.”

मी चहा अर्धा टाकून उठलो. यमुनेच्या पुलावर बस अडकली. खिडकीतून सूर्य खाली जाताना दिसत होता आणि माझ्याच्याने काही होत नव्हतं. कंडक्टरशी भांडलो, मग उतरून चालायला लागलो, मग ऑटो केली. सोसायटीच्या गेटातून आत शिरलो तेव्हा कल्ला थांबत आला होता. वीणा मोढ्यावर बसली होती, अंगावर तिची राखाडी शाल, हनुवटी छातीला टेकलेली. मी हाक मारली. खांदा हलवला. दोन्ही हातांनी धरून हलवलं.

ती उठली नाही.

६

डॉक्टरांनी सगळं तपासलं. रक्त, डोकं, हृदय, काही म्हणता काही नव्हतं. झोपल्या आहेत, असं एक तरुण डॉक्टर मला म्हणाला आणि त्याला स्वतःलाच ते बोलणं पटलं नाही. काही दिवसांनी घरी न्या म्हणाले. घरी नळीतून पाणी चालू ठेवलं. गुलाबरावांची बायको दिवसा येऊन बसायची, आणि खरं सांगतो, त्या माउलीने फार केलं. वीणाच्या बरगड्या संथपणे हलत होत्या. ते मला बघवत नव्हतं, आणि मी दुसरं काही बघतही नव्हतो. शेरूचं काय झालं ते मला माहीत होतं.

संध्याकाळी मी खिडकी लावून घ्यायचो. पण एकदा विसरलो. कल्ला सुरू झाला, साळुंक्या, पोपट, शेरूचं कण्हणं, आणि मग त्यांच्यामधून आवाज आला, “आलात?”

पलंगावर वीणाचे ओठ मिटलेले होते.

मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो आणि मान वर केली. त्या घरात इतके महिने राहून मी ती कधी केली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. आधी काही दिसलं नाही. मग उजेड कमी होत गेला तशा फांद्या दिसायला लागल्या. आभाळभर होत्या. त्यांवर रांगाच्या रांगा बसल्या होत्या, दाटीवाटीने, सगळ्यांच्या माना पिसांत खुपसलेल्या. एका फांदीवर, त्यांच्याच ओळीत, त्यांच्यापेक्षा मोठं काही बसलं होतं. वीणाची ती राखाडी शाल मी ओळखली. तिनेही मान तशीच खुपसून घेतली होती, माणसाची मान जितकी वळते त्याहून जास्त.

मग अंधार पडला आणि गप्प झालं.

७

रसिकाला तार केली. तिची गाडी उद्या सकाळी निजामुद्दीनला पोहोचते.

आज संध्याकाळी गुलाबराव आले. चेहरा उतरलेला होता. परवा गाडीत बसल्या बसल्या त्यांचाही डोळा लागला होता आणि बायकोने हॉर्न वाजवून वाजवून त्यांना उठवलं होतं. तेव्हापासून पार्किंग रिकामं होतं. कमिटीने ठराव केला होता. त्यांच्याबरोबर साहिबाबादच्या कारखान्यातला एक माणूस होता, हातात कुऱ्हाड. ड्युटी सुटल्यावरच मिळतो तो, गुलाबराव म्हणाले, म्हणून या वेळेला आणला.

“वहिनींसाठीच करतोय, सुधाकरराव. हे गेलं की त्या उठतील. बिल्कुल उठतील.”

इतके दिवस मी ज्यासाठी यांच्या पाया पडत होतो ते आता आपल्या पायांनी दारात आलं होतं. वर कल्ला थांबत आला होता. त्या माणसाने खुंटासमोर पाय रोवले, हातावर थुंकला. आणि मला ती साळुंक्यांची रांग आठवली. घाव बसला तरी उडाली नव्हती. फांदी खाली आली तेव्हा तिच्यावर नव्हती. कुठे गेली होती ती, मी तेव्हा शोधलंसुद्धा नव्हतं.

मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि खुंटाला मिठी मारली. खांद्याएवढ्या त्या लाकडाला.

“आता नको. निजलीत ती. सकाळी तोडा.”

मी कशाबद्दल बोलतोय हे गुलाबरावांनी विचारलं नाही. त्यांनी मान वर करायचं टाळलं तेवढंच. त्या माणसाला त्यांनी सकाळी लवकर, ड्युटीच्या आधी यायला सांगितलं. मी त्यांना म्हटलं, रसिकाची गाडी आहे, मला उठायला उशीर झाला तर तुम्ही स्टेशनवर जा. ते हो म्हणाले. वहिनींजवळ बायकोला बसवतो म्हणाले, आणि घाईघाईने सावलीबाहेर पडले.

माझा हिशेब सरळ आहे. या झाडाखाली एकदा सकाळ व्हायला हवी. उजाडलं की पाखरं उठतात, उडतात, हे जगातल्या प्रत्येक झाडाला लागू आहे. याला आजवर जमलं नसेल, कारण कोणी उठवायला नव्हतं. मी बसून राहीन, डोळे उघडे ठेवीन, आणि फटफटताच हाका मारीन. वीणा माझ्या हाकेला उठायची. पहिल्या नाही, पण दुसऱ्या हाकेला हमखास.

मी मोढा खुंटाशी ओढून घेतला आहे. समोर, पार्किंगपलीकडे, मुख्य रस्त्यावरचे दिवे लागलेले दिसतात. इथे अजून दिवेलागणच आहे. मघाशी मोठी जांभई आली. दुसरी आली तेव्हा अंगावर कोणी तरी पांघरूण घातल्यासारखं ऊबदार वाटलं, आणि रागबिग सगळा निघून गेला.

वर सगळं गप्प आहे. नाही, अगदी गप्प नाही. कोणी तरी जरासं सरकून जागा केली.